सात नंबरचा पट्टा

प्रतिगावातली रापण पुन्हा मोडली. ही एकशे चौदावी खेप.

दीपश्रीने चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्याकडे बघत मनातल्या मनात एक अस्सल मालवणी शिवी हासडली. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिला डॉक्टर खवणेकर म्हणत. माणसं एकमेकांना धरून राहायला कशी शिकली, या विषयावरची तिची व्याख्यानं ऐकायला चार देशांतून लोक येत. आणि इथे तिने आपल्याच गावची पन्नास माणसं संगणकात वसवली, तर ती दर खेपेला चार वर्षांच्या आत एकमेकांच्या उरावर बसत होती.

खरी पन्नास माणसं मांगराच्या दारातून दिसत होती. मांगर म्हणजे जाळी ठेवायची कौलारू खोप. तिच्या एका कोपऱ्यात, माशांच्या वासात, दीपश्रीने आपलं यंत्र मांडलं होतं. समोर आडवेळचा किनारा, २०४३ सालच्या नोव्हेंबरातलं कोवळं ऊन आणि वाळूवर दोन रांगांत रापण ओढणारा गाव. होडी समुद्रात जाऊन अर्ध्या चंद्रासारखं जाळं सोडून येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं ते दोन-तीन तास ओढत राहतात. दोराला हात लावील त्याला वाटा, असा आडवेळचा दीडशे वर्षांचा रिवाज. रिवाज चांगला, पण लबाडाला फार सोयीचा.

शेजारच्या दोन गावांच्या रापणी याच कारणाने गेल्या दोन वर्षांत मोडल्या होत्या. कोण ओढतो आणि कोण नुसता दोराला हात टेकवून उभा राहतो, यावरून डोकी फुटली होती. म्हणून रापण संघाचा तरुण सेक्रेटरी सर्वेश गिरकर याने दीपश्रीला पत्र लिहिलं होतं, "डॉक्टर, आपली पण मोडूच्या आधी कायतरी करा."

तिने दोन गोष्टी केल्या. एक प्रतिगाव आणि दुसरी पट्टे.

प्रतिगावातल्या प्रत्येक माणसाला तिने थोड्या सवयी दिल्या होत्या. एखादा मनापासून ओढणार, एखादा अंग चोरणार, एखादा शेजारी करील तसं करणार. दिवस सरतो, वाटे पडतात, आणि ज्याचं बरं चाललंय त्याची बाकीचे हळूहळू नक्कल करू लागतात. हीसुद्धा उत्क्रांतीच, फक्त रक्तातून उतरण्याऐवजी बघून बघून पसरणारी. निसर्गाला जे घडवायला शेकडो वर्षं लागतात ते यंत्र जेवणाच्या सुट्टीत घडवून दाखवतं. आणि ते रोज एकच घडवत होतं. अंग चोरणाऱ्याला वाटा तेवढाच मिळतो आणि घाम कमी जातो, मग त्याची नक्कल वाढते. त्याला कोणीतरी हटकलं पाहिजे, पण जो हटकतो त्याच्या नशिबी भांडण येतं. म्हणून शहाणा माणूस हटकण्याचं काम शेजाऱ्यावर सोडतो आणि शेजारी पुढच्यावर. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, इथेच सगळं गाडं अडत होतं.

पट्टे ही घंटा यंत्राकडून बांधून घ्यायची युक्ती होती. कमरेला बांधायचा रुंद पट्टा, त्यावर नंबर, आत माणसाने दोर किती ओढला हे मोजणारं यंत्र. सकाळी मांगरातल्या खुंटीवरून आपला पट्टा घ्यायचा, दुपारी परत टांगायचा. महिनाभर वाटे पट्ट्याप्रमाणे पडतील आणि शेवटच्या रविवारी दीपश्री सभेत यादी वाचेल, असं संघाने ठरवलं होतं. ज्याची ओढ सरासरीच्या पाव हिश्श्यालाही पोचणार नाही त्याचं नाव रापणीतून कमी.

आणि तिची अडचण इथेच होती. कारण सात नंबरचा पट्टा तिच्या बापाचा होता.

लवूतात्या खवणेकर बहात्तर वर्षांचे. पाठ गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, त्यांनी दोर ओढला नव्हता. सकाळी येत, रिवाज म्हणून दोराला बोट लावत, मग पालथ्या होडीवर बसून दुपारपर्यंत तोंडाचा पट्टा चालवत. गावात त्यांनी नाव न ठेवलेला माणूस औषधालाही सापडला नसता. सारखा घड्याळ बघणारा सर्वेश म्हणजे पंचांग. "पंचांगा, मासो घड्याळ बघान येना नाय रे!" मोठ्या आवाजाची शेवंतीकाकी म्हणजे भोंगो. दिगंबर कुबल एके काळी महिन्यातून एकदा रापणीवर उगवे, म्हणून तो अमावास्या. गेली नऊ वर्षं दिगंबरने एक दिवस चुकवला नव्हता, पण नाव काही सुटलं नव्हतं.

पट्टा मात्र तात्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. "कमरेक पट्टो बांधूक मी काय गाडयेक जुपलेलो बैल आसंय?" एवढं म्हणून त्यांनी तो खुंटीवर टांगला तो टांगलाच.

लहानपणी दीपश्रीलाही नाव होतं. पुस्तकावर वाकून वाकून ती बसायची, म्हणून तात्या तिला सुंगट म्हणत. सुंगट म्हणजे कोळंबी. शाळेच्या बक्षीस समारंभातही त्यांनी मागून "सुंगटा, ताठ चल गो!" अशी हाक मारली होती आणि ती घरी येऊन रडली होती. मग ती डॉक्टर झाली, आणि त्या दिवसापासून तात्यांनी ते नाव टाकलं. "डॉक्टर, च्या घेतलात?" बाप लेकीला तुम्ही म्हणू लागला. गावही म्हणू लागलं. एवढा मान मिळाला, आणि तिला घरी आल्यावर पाहुणी आल्यासारखं वाटू लागलं.

आता त्याच बापाच्या नावापुढे शून्य वाचायचं होतं, आणि तेही भर सभेत.

महिनाभर आकडे बघायचे नाहीत, हा तिचाच नियम होता. अर्धवट आकडे बघितले की शास्त्रज्ञ त्यांच्या प्रेमात पडतो, असं ती विद्यार्थ्यांना बजावत असे. घरी रोज दुपारी ताजे बांगडे येत. शेवंतीकाकी शेजारधर्म पाळत असेल, असं समजून ती ते तळून खाई.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिने यादी उघडली आणि खुर्चीत मागे रेलली.

पहिला नंबर: सात.

तात्यांच्या पट्ट्याने सव्वीसच्या सव्वीस दिवस दोर ओढला होता, तोही जवान माणसाच्या ताकदीने. बाकीच्यांपैकी तेवीस जण मात्र एक ते तीन दिवस गैरहजर दिसत होते.

ती तशीच बाहेर धावली. तात्या होडीवर बसून शेंगा सोलत होते.

"बाबा, तुम्ही दोर ओढलात?"

"मी?" तात्या दचकले. "डॉक्टर, दोराकडे नुसता बघितलंय तरी माझी पाठ दुखता. कित्याक ओ?"

"काही नाही," ती म्हणाली आणि परत फिरली.

यंत्र बिघडलं असेल, हा पहिला विचार. पण पन्नास पट्ट्यांची बेरीज जाळ्यावर पडलेल्या एकूण ताणाशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे सात नंबरने खरंच कोणीतरी ओढलं होतं. मग तिने त्या ओढीची एकेक रेषा काढून बघितली. माणूस चालण्यावरून लांबून ओळखू येतो, तसा ओढण्यावरूनही येतो. कोणी हिसके देतो, कोणी अंगाचा भार टाकतो, कोणी दर चार दमांनी थांबतो. सात नंबरची रेषा रोज वेगळीच होती. एक तारखेला हिसके, दोन तारखेला संथ भार, तीनला डावखुरी ओढ. आणि ज्या दिवशी ज्याची ओढ सातात दिसे, त्या दिवशी तोच माणूस स्वतःच्या पट्ट्यावर गैरहजर असे.

तेवीस माणसांनी आळीपाळीने तात्यांचा पट्टा बांधला होता आणि त्या दिवशीच्या स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडलं होतं.

शेवंतीकाकीने दोनदा बांधला होता. दिगंबरने तर तीनदा.

दिगंबर किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. दीपश्री त्याच्यासमोर वाळूत बसली आणि तिने सरळ विचारलं. दिगंबरचा हात थांबला. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"डॉक्टर, कोणाक सांगू नकात हां. ह्यां माझ्या एकट्याचाच काम. सदऱ्याखाली बांधलंय, कोणाक दिसाक नाय."

"एकट्याचं?"

"मगे? धा-बारा वेळा गेलंय, पण बाकीच्या वेळेक पट्टो खुंटयेर नव्हतोच. माका वाटला तुमी दुरुस्तीक नेलात."

दीपश्रीला हसू आवरेना. म्हणजे तेवीस जण, प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच, आणि हल्ली मांगर पहाटेपासून का गजबजतो तेही आता कळलं.

"पण का, दिगंबरकाका? तुमचा वाटा बुडवून?"

दिगंबरने जाळ्याची गाठ आवळली. "मी येय नसंय तेवा गावान माका बोलावन घेतला आसता, दंड केलो आसतो, तर मी भांडान घरात बसलो आसतंय. जन्मात दोराक हात लावलो नसतो. तात्यान माका अमावास्या म्हटल्यान. पुरो किनारो हसलो. माझी बायल घरात हसली. मगे मीच हसलंय." त्याने मान वर केली. "आता तुमी तात्याक काढलात तर माका अमावास्या कोण म्हणतलो?"

दीपश्री मांगराकडे चालू लागली आणि अर्ध्या वाटेत थबकली. किनाऱ्यावर तिने आवाज टिपणारी यंत्रंही बसवली होती. त्यांच्या नोंदीतून तिने कामाचं बोलणं ठेवलं होतं, म्हणजे हुकूम, हाका, दोर सोडा-धरा. बाकीचा सगळा गलका निरुपयोगी म्हणून गाळला होता. किती गाळला होता? तिने जाऊन बघितलं. जवळजवळ निम्मा आवाज. आणि तो बहुतेक हसण्याचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिने गाळलेला आवाज परत घेतला आणि प्रतिगावाला एक नवी सवय शिकवली: थट्टा. हटकणाऱ्याला भांडणाचा भुर्दंड पडतो, पण थट्टा करणाऱ्याला टाळ्या मिळतात. ज्याची थट्टा होते त्याला ते झोंबतं, तरी त्याला कोणी घालवून देत नाही. घंटा बांधण्यातच मजा असली की ती बांधायला उंदरांची रांग लागते. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिच्या एकाही समीकरणात नव्हती.

चार वर्षं गेली. रापण मोडली नाही. चाळीस गेली. जेवणाची वेळ टळली, भात निवला, आणि प्रतिगाव हसत-खिदळत दोन हजार वर्षांच्या पुढे गेलं. दीपश्रीने खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हात वर केले आणि एकटीच ओरडली.

मग तिने पट्टे घालून चालवून बघितलं. मोजायचं काम यंत्राकडे गेलं की थट्टेला कामच उरत नव्हतं. लोक गप्प होत, आकड्यांवरून कुरकुरत, आणि रापण पुन्हा मोडे. म्हणजे ती रोग बरा करायला जे औषध घेऊन आली होती, त्याचाच रोग होणार होता.

आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी तिने शोधलीच नव्हती. प्रतिगावात कधीकधी एखाद्याची थट्टा बंद होई. सगळे त्याच्याशी आदराने वागू लागत. असा माणूस दोन-तीन वर्षांत गाव सोडून जाई. प्रत्येक वेळी.

दीपश्रीने ती ओळ पुन्हा वाचली. डोळे भरून आले तेव्हा तिने यंत्र बंद केलं.

आता प्रश्न उरला उद्याचा. यादी आहे तशी वाचली, तर तात्या पहिले, वाटा शाबूत, कोणाला काही कळायचं कारण नाही. खरं सांगितलं, तर सात नंबरची ओढ तात्यांची नव्हेच, आणि नियमाप्रमाणे नाव कमी. शिवाय तेवीस माणसं खोटी पडणार. रात्री जेवताना तात्यांनी तिला माशाचा मोठा तुकडा वाढला आणि म्हणाले, "डॉक्टर, उद्या जा काय आसा तां वाचा. माझो इचार करू नकात." त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण स्वतःच्या ताटातला मासा त्यांनी तसाच ठेवला होता.

रविवारी दुपारी मांगर भरला. सर्वेश घड्याळ बघत उभा होता. दीपश्रीने यादी उघडली.

"पहिला नंबर सात. लवूतात्या खवणेकर. सव्वीस दिवस हजर."

 तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"पण हे खरं नाही," ती म्हणाली. "बाबांनी एकदाही पट्टा बांधला नाही. एक तारखेला तो शेवंतीकाकीने बांधला. दोनला बाबू धुरीने. तीनला दिगंबरकाकांनी."

एकेका नावासरशी एकेक मान खाली जात होती, आणि पुढचं नाव आलं की तीच मान चमकून वर येत होती. "तू पण?" "मेल्या, तू सुदिक?" "माका वाटला मी एकटोच!" चौदा तारखेला दीपश्री थांबली.

"चौदा तारखेला," ती म्हणाली, "सर्वेशने."

नियम करणाऱ्या सेक्रेटरीचे कान लालबुंद झाले. महिनाभर तो सात नंबरच्या वाट्याचा माशांचा ढीग गुपचूप घालून तात्यांच्या घरी पाठवत होता; एक दिवस आपणच ओढलेलं, तर बाकीच्या दिवसांची चौकशी कोणत्या तोंडाने करणार? शेवंतीकाकी पहिली हसली, आणि तिचं हसणं म्हणजे भोंगाच. मग सगळा मांगर गदागदा हलला.

हसू ओसरल्यावर दीपश्रीने त्यांना सगळं सांगितलं. प्रतिगाव, घंटा, थट्टा. "हे मॉडेल आहे, ज्योतिष नव्हे," ती म्हणाली. "त्यात तुमच्यासारखी माणसं आहेत, तुम्ही नाही. पण एक मला स्पष्ट दिसतं. बाबांना काढलंत तर दोरावरचं एक बोट कमी होईल, आणि रापण मात्र जाईल. हे पट्टे मी आणले, ते चुकीचे होते. आणखी एक. गावाने ज्याची थट्टा सोडली, तो फार दिवस गावात राहत नाही. मान देऊन देऊन तुम्ही त्याला हळूच वेशीबाहेर ठेवता." शेवटचं वाक्य बोलताना तिने बापाकडे बघितलं नाही.

तात्या उठले. खुंटीपाशी जाऊन त्यांनी सात नंबरचा पट्टा काढला आणि हातात धरून उभे राहिले. 

"मेल्यांनो," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "बारा वर्सां मी तुमची मस्करी करतंय म्हणान मिरवी होतंय. आणि तुमी महिनोभर माझीच केलात?"

सर्वेशने ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले. पट्टे बंद, वाटे जुन्या रिवाजाने. पन्नास पट्टे शेवंतीकाकीने टोपलीत भरले. सुके मासे बांधायला असे मजबूत पट्टे बाजारात मिळत नाहीत, असं तिचं मत पडलं.

सोमवारी सकाळी दीपश्रीने यंत्र उघडलंच नाही. ती साडी खोचून किनाऱ्यावर गेली आणि दोराच्या रांगेत, दिगंबरच्या मागे उभी राहिली. लोकांनी लगबगीने जागा करून दिली. "येवा डॉक्टर, येवा." दोर ओला, खरखरीत होता. दुसऱ्याच हिसक्याला तिचा पाय सरकला आणि ती ओल्या वाळूत धप्पकन बसली. वरून लाट आली आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेली.

कोणी हसलं नाही. डॉक्टर पडल्या होत्या. चार हात तिला उठवायला आदराने पुढे आले. दीपश्रीला वाळूत पडल्यापेक्षाही हे जास्त लागलं.

तेवढ्यात पालथ्या होडीवरून आवाज आला, सगळा किनारा ऐकेल असा.

"ओ डॉक्टर सुंगट! दोर ओढतंस काय दोराक धरून झोपाळो खेळतंस गो? ताठ उभी ऱ्हव!"

 मग पहिल्यांदा दिगंबर फुटला, त्याच्यामागून शेवंतीकाकी, आणि बघता बघता दोन्ही रांगा पोट धरून हसू लागल्या. दोर ढिला पडला, सर्वेश "अरे धरा, धरा!" म्हणून ओरडला आणि स्वतःच हसत खाली बसला. दीपश्री वाळूत बसल्या बसल्या हसत होती आणि खारं पाणी तोंडात जात होतं, समुद्राचं की डोळ्यांचं ते तिलाही कळत नव्हतं.

"होडयेर बसान बोलूक काय जाता तुमचा!" ती बापावर ओरडली, उठली आणि दोर घट्ट धरून ओढू लागली.